तांबड्या धाग्याची साक्ष

घरात जुनी पोथी असेल तर ती कशात गुंडाळलेली आहे ते एकदा पाहा. बहुधा तांबड्या फडक्यात! वाण्याच्या जुन्या रोकडवहीलाही तांबड्या कापडाचेच वेष्टन असे. जुने मोडी कागद ज्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवीत, त्याला 'रुमाल' म्हणत. खारवा नावाचे जाडेभरडे तांबडे कापड तर थैल्या, वह्यांची वेष्टने, बिछान्यांची पोटे अशा कितीतरी कामांना येई.

आता असे समजा, की अशी तीन जुनी फडकी तुमच्यापुढे ठेवली आहेत. पहिले बारतोंडीच्या मुळ्यांनी रंगवलेले, दुसरे मंजिष्ठेने आणि तिसरे परदेशी कारखान्यातून डब्यात भरून आलेल्या भुकटीने. तिन्ही तांबडी, तिन्ही थोडी विटलेली. कोणते कशाने रंगवले आहे हे डोळ्यांनी सांगता येईल काय? मुळीच नाही. अनुभवी रंगाऱ्यालाही ते छातीठोकपणे सांगता येणार नाही.

रसायनशास्त्रज्ञाला मात्र ते सांगता येते. त्यासाठी त्याला सबंध फडके नको. कडेचा, मोकळा सुटलेला, तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीचा एक धागा पुरतो. तेवढ्या धाग्यावरून रंग कोणत्या झाडाचा, तो कसा चढवला आणि कापड अमुक सालाच्या आधीचे असणे शक्य आहे की नाही, इतके कळू शकते. हे कसे साधते ते आज आपण पाहू. आणि त्यासाठी आधी खानदेशात जाऊ, कारण हा प्रश्न खानदेशाच्या इतिहासाशी अगदी निगडित आहे.

फैजपूरचे रंगारी

जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात फैजपूर आहे. १९३६ साली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन म्हणून त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून फैजपूर आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत ह्या गावच्या छापील सुती कापडाची आणि गडद निळ्या व तांबड्या रंगांची नोंद आहे. नीळ चढवणारे ते निराळी आणि इतर रंग देणारे ते रंगारी, अशी ह्या कामाची विभागणी आपल्याकडे असे.

हा प्रदेश कापडाच्या व्यापाराच्या वाटेवरच होता. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला, तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर ह्याच बाजूने. बुऱ्हाणपूर हे तेव्हा खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण. तेथील तलम आणि रंगीत, फुलांच्या नक्षीचे सुती कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो आणि थेट पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. कापड धुतले तरी रंग जात नाही, ही हिंदुस्थानी मालाची ख्याती होती.

सुती कापडावर पक्का तांबडा रंग चढवणे सोपे नाही. लोकर आणि रेशीम रंग चटकन धरतात. कापूस धरत नाही. मध्य आणि पश्चिम हिंदुस्थानात ह्या कामी आल नावाच्या वनस्पतीच्या मुळ्या वापरीत. आल म्हणजेच आपली बारतोंडी. तिच्या फळावर डोळ्यांसारखी अनेक तोंडे दिसतात, म्हणून हे नाव पडले असावे. हिच्याच एका जातीच्या फळाचा रस आज 'नोनी' ह्या नावाने बाटल्यांत विकला जातो. परंतु रंगाऱ्याला फळाशी कर्तव्य नव्हते. माळवा, वऱ्हाड अशा काळ्या मातीच्या प्रदेशांत आलाचे पीक तीन-चार वर्षे शेतात ठेवून मग खोल खणून मुळ्या काढीत. रंग मुळीच्या सालीत असतो. म्हणून बारीक मुळ्यांना भाव जास्त आणि जाड मुळ्यांना कमी!

कापड आधी तेल आणि खार ह्यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवायचे, मग हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, मग तुरटी द्यायची आणि शेवटी मुळ्यांच्या भुकटीबरोबर उकळायचे. ह्या सगळ्याला अनेक दिवस लागत.

इतका खटाटोप कशाला, असे तुम्हांला वाटेल. ह्याचे उत्तर एका मजेदार घटनेत आहे. १८४० नंतरच्या दशकात ह्याच मुळ्या 'सुरंगी' ह्या नावाने मुंबईहून स्कॉटलंडमधील ग्लासगोला गेल्या. तेथील कापड छापणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे नुसती तुरटी वगैरे दिलेल्या कापडावर त्या वापरून पाहिल्या. रंग चढेना. हा रंगच नव्हे, असा निकाल त्यांनी दिला. टॉमस अँडरसन ह्या रसायनशास्त्रज्ञाने त्या मुळ्यांतून एक पिवळे स्फटिकमय द्रव्य वेगळे केले व त्याला 'मोरिंडिन' असे नाव दिले. त्यालाही दिसून आले की साध्या कापडावर हा रंग बसत नाही, परंतु तेलाची प्रक्रिया केलेल्या कापडावर चांगला बसतो. म्हणजे आपल्याकडील रंगाऱ्यांच्या ज्या तेलपाण्याला कोणी अडाणीपणा म्हटले असते, तेच सगळ्या कृतीचे मर्म होते.

डांबरातून निघालेला तांबडा

मग हा धंदा गेला कोठे? त्यासाठी आपल्याला युरोपातील प्रयोगशाळांत डोकवावे लागेल.

१८५६ साली विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या मुलाला लंडनमध्ये क्विनीन बनवण्याच्या खटपटीत एक जांभळा रंग सापडला. कच्चा माल होता दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारे ॲनिलीन. हा 'मॉव्ह' पहिला यशस्वी कृत्रिम रंग. १८५९ च्या सुमारास मॅजेंटा आला, १८६१ मध्ये मेथिल व्हायोलेट. परंतु हे रंग निसर्गात नव्हतेच. निसर्गातला रंग जसाच्या तसा प्रयोगशाळेत बनवण्याचा पराक्रम १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमन ह्या दोघा जर्मनांनी केला. युरोपातील मंजिष्ठेच्या मुळीतील मुख्य तांबडे द्रव्य, अलिझरीन, त्यांनी डांबरातील अँथ्रॅसिनपासून तयार केले. पुढच्याच वर्षी ते स्वस्तात बनवण्याच्या कृतीसाठी इंग्लंडमध्ये दोन एकस्वांचे अर्ज आले. जर्मनांचा अर्ज २५ जून १८६९ चा आणि पर्किनचा २६ जूनचा. अवघा एका दिवसाचा फरक!

परिणाम फार झपाट्याने झाला. फ्रान्समधील मंजिष्ठेची शेते काही वर्षांतच ओस पडली. अलिझरिनाचे डबे हिंदुस्थानातही येऊ लागले. डब्यातली लगदी पाण्यात कालवली की काम भागते. मग चार वर्षे शेत अडकवून मुळ्या कोण खणणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलाची लागवड मोडीत निघाली. १८८४ साली काँगो रेड हा रंग निघाला, तो तर तुरटीशिवायच सुती कापडाला रंगवी. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. एका पिढीच्या आत तांबडा आणि निळा, दोन्ही रंग शेतातून कारखान्यात गेले.

रंगाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच आपत्ती. परंतु इतिहास शोधणाऱ्याच्या हाती तिने एक साधन दिले आहे. प्रत्येक कृत्रिम रंगाला जन्मसाल आहे आणि ते कागदोपत्री नोंदलेले आहे. कापडात काँगो रेड सापडला, तर तो रंग १८८४ पूर्वी तेथे असणे शक्यच नाही. कापड विणणाऱ्याने त्यावर तारीख लिहिली नसेल. रंगाने ती लिहून ठेवली आहे.

पहिली तपासणी: घराणे कोणते?

आता धागा तपासायला घेऊ. पहिला प्रश्न असा, की रंग कापडाला धरून कसा बसला आहे?

मंजिष्ठ, आल, लाख ह्यांचे रंग कापसाला आपण होऊन चिकटत नाहीत. त्यांना मध्यस्थ लागतो. तुरटीतील ॲल्युमिनियम किंवा हिराकसातील लोह एका हाताने धाग्याला आणि दुसऱ्या हाताने रंगाच्या रेणूला धरून ठेवते. अशा मध्यस्थाला 'रंगबंधक' म्हणतात. एकाच मुळीचा रंग तुरटीने तांबडा आणि हिराकसाने काळपट जांभळा होतो तो ह्यामुळेच. म्हणून धाग्यात कोणते धातू आहेत हे पाहणे उपयोगाचे ठरते. पूर्वी धागा जाळून राखेची परीक्षा करीत. आता धाग्यावर क्ष-किरणांचा झोत टाकतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे किरण परत टाकते आणि ते कोण आहे हे उघड होते. ह्यात धागा जळतही नाही.

दुसरी तपासणी अम्ल आणि अल्कली ह्यांची. हळदीचा डाग साबणाने तांबडा होतो, हे तुम्ही पाहिलेलेच आहे. साबणातील अल्कलीमुळे हळदीतील कर्क्युमिनाचा रेणू बदलतो व त्याबरोबर रंगही बदलतो. तोच प्रकार इतर रंगांचा. मंजिष्ठ, आल आणि अलिझरीन ह्यांचे तांबडे अल्कलीने जांभळ्याकडे झुकतात. काँगो रेड मात्र तीव्र अम्लाच्या थेंबाने चक्क निळा होतो. मेथिल व्हायोलेट अम्लात हिरवे व मग पिवळे पडते. निळीच्या धाग्यावर संहत नायट्रिक अम्लाचा थेंब टाकला, की पिवळा ठिपका पडतो आणि त्याभोवती हिरवी कड दिसते.

ह्या 'थेंब-परीक्षा' स्वस्त आणि झटपट आहेत, पण त्यांची झेप घराणे ओळखण्यापुरतीच. आल, मंजिष्ठ आणि अलिझरीन हे तिघेही अँथ्रॅक्विनोन नावाच्या एकाच घराण्यातले. तिघेही अल्कलीला जवळजवळ सारखेच उत्तर देतात. आणि आपल्याला तर ह्या तिघांतच निवड करायची आहे!

दुसरी तपासणी: रेणूंची शर्यत

येथे उपयोगी पडते एक साधी गोष्ट. झाड कधीही एकच रंगद्रव्य बनवत नाही. प्रत्येक मुळीत चार-सहा जवळचे भाऊबंद असतात आणि त्यांचे आपापसांतले प्रमाण त्या झाडापुरते ठरलेले असते. म्हणून एका द्रव्याकडे न पाहता सगळ्या कुटुंबाकडे पाहिले, तर झाड ओळखता येते.

ही कुटुंबे कशी आहेत पाहा. युरोपातील मंजिष्ठेत अलिझरीन आणि पर्प्युरीन दोन्ही भरपूर. आपल्या औषधी दुकानात मिळणाऱ्या मंजिष्ठेत पर्प्युरीन आणि मंजिस्टिन ही मुख्य, अलिझरीन अगदी थोडे. दक्षिणेकडे कोरोमंडल किनाऱ्यावर 'चाय' नावाची मुळी वापरीत. तिच्यात अलिझरीन असते, पर्प्युरीन नसते. आलात मुख्यतः मोरिंडोन, म्हणजे अँडरसनच्या मोरिंडिनाला जोडलेली साखर तुटली की उरणारे द्रव्य. कारखान्यातील जुन्या अलिझरिनात त्याच्या जोडीला अँथ्रापर्प्युरीन आणि फ्लॅव्होपर्प्युरीन ही दोन द्रव्ये असत. ती बनवण्याच्या कृतीत आपोआप तयार होत आणि ती दूर करण्याची कोणी फिकीर केली नाही. आज ती दोन द्रव्येच कारखान्याचा शिक्का ठरली आहेत.

मग हे कुटुंब सुटे कसे करायचे? आधी रंग धाग्यातून बाहेर काढतात. ह्यासाठी बराच काळ हायड्रोक्लोरिक अम्ल, मिथेनॉल आणि पाणी ह्यांच्या मिश्रणात धागा सुमारे शंभर अंशांवर दहा मिनिटे ठेवण्याची पद्धत रूढ होती. अम्ल रंगबंधकाची पकड सोडवते आणि रंग मोकळा होतो. ह्या जोरकस कृतीत रंगांचे काही नाजूक रेणू मोडतात, म्हणून आता फॉर्मिक अम्लासारखी सौम्य अम्लेही वापरतात.

त्यानंतर शर्यत लावायची. टीपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन तिचे टोक पाण्यात बुडवले, की पाणी वर चढताना शाईतले वेगवेगळे रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. ज्याची कागदाशी सलगी जास्त तो मागे राहतो, ज्याची पाण्याशी जास्त तो पुढे जातो. हेच वर्णलेखन. प्रयोगशाळेत कागदाऐवजी अतिसूक्ष्म कणांनी ठासून भरलेली एक बारीक नळी असते आणि विद्राव तिच्यातून मोठ्या दाबाने ढकलला जातो. जुन्या कापडांतील मंजिष्ठेसारख्या आणि किड्यांपासून मिळणाऱ्या तांबड्या रंगांसाठी ही पद्धत बेल्जियमच्या यान वाउटर्स ह्यांनी १९८५ साली पद्धतशीरपणे मांडली. नळीतून एकेक द्रव्य बाहेर पडले, की त्यावर प्रकाश टाकून ते कोणती तरंगलांबी शोषून घेते ते पाहतात. अलिझरीन सुमारे ४३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषते, पर्प्युरीन सुमारे ४८० च्या आसपास. बाहेर पडण्याची वेळ आणि प्रकाशाचे शोषण ह्या दोन खुणा जुळल्या, की ओळख पटली. आता जोडीला रेणूचे वजन मोजणारी यंत्रेही आली आहेत.

परंतु यंत्राला ओळख पटवायची तर मुळात तो रेणू कसा आहे हे कोणीतरी शोधून ठेवलेले असावे लागते. ह्या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे. रंगरसायनाचे थोर अभ्यासक के. वेंकटरामन हे मुंबईच्या रसायन तंत्रशास्त्र विभागाचे आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगातील लॅकेइक अम्लांची रचना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात उलगडली. आज जगात कोठेही जुन्या रेशमात लाखेचा रंग ओळखला जातो, तेव्हा त्या ज्ञानाचा आधार घेतला जातो.

चार हजार वर्षांपूर्वीचा धागा

मुंबईत माटुंग्याला कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा १९२४ साली सुरू झाली. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेले कापडाचे कण मिळाले, ते तपासण्याचे काम ह्याच प्रयोगशाळेतील टर्नर आणि गुलाटी ह्यांनी केले. धातूच्या क्षारांमुळे ते कापड कुजण्यापासून वाचले होते. धागा कापसाचा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. तेथील एका तुकड्यावर जांभळट तांबडा रंग होता, तो मंजिष्ठेच्या वर्गातला असल्याची नोंद उत्खननाच्या वृत्तांतात झाली. चार हजार वर्षांहून जुना धागा, आणि रंगबंधक देऊन सुती कापड रंगवण्याची विद्या तेव्हाही अवगत होती! आजची यंत्रे त्या वेळी नव्हती, तरीही चिमूटभर कापडाने एवढी मोठी गोष्ट सांगितली.

निळीचे कोडे

तांबड्याचा उलगडा झाला, मग निळ्याचा का नको? येथे मात्र रसायनशास्त्र थोडे अडते.

गुळीच्या झाडापासून मिळणारी नीळ आणि १८९७ ची कारखान्यातली नीळ, दोन्हींत इंडिगोटीन हाच रेणू. त्यात अणूचाही फरक नाही. हायड्रोसल्फाइट आणि अल्कली ह्यांच्या पाण्यात दोन्ही पिवळट होऊन विरघळतात आणि हवा लागताच दोन्ही पुन्हा निळ्या होतात. निराळ्याच्या रांजणातून पिवळट हिरवे निघालेले कापड हवेत निळे होत जाई, ते ह्याच कारणाने. म्हणून जोडीच्या किरकोळ द्रव्यांकडे पाहावे लागते. झाडाच्या निळीत इंडिरुबीन नावाचे तांबडे द्रव्य बरेचदा जास्त असते. पण हा पुरावा नेहमीच पक्का नसतो. दुसरा उपाय कार्बन-१४ चा. वनस्पती हवेतून कार्बन घेते, त्यात थोडा कार्बन-१४ असतो. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यातला कार्बन-१४ कधीच संपलेला. मात्र कापूसही वनस्पतीच, तेव्हा त्यापासून नीळ आधी पूर्ण वेगळी करावी लागते. हे काम नाजूक आणि खर्चाचे आहे.

साक्ष किती खरी मानावी?

आता एक उदाहरण घेऊन विचार करू. एका घरात तांबडे पागोटे आहे. ते पेशवाईतले, म्हणजे १८१८ पूर्वीचे, असे घरचे लोक सांगतात. तपासणीत काँगो रेड सापडला. मग घरचे लोक चुकले काय?

घाई करू नका. आपल्याला कळले ते एवढेच, की तो रंग १८८४ नंतरचा आहे. पागोटी कुसुंब्याने, म्हणजे करडईच्या फुलांच्या रंगाने रंगवीत. कुसुंब्याचा रंग कच्चा. उन्हाने उडतो, अल्कलीच्या पाण्याने निघतो. म्हणून जुनी पागोटी पुन्हा पुन्हा रंगवून घेत. तेव्हा घडीच्या आतला, उजेड न लागलेला धागा घेऊन पाहिले पाहिजे. कुसुंब्याचा तांबडेपणा गेला, तरी त्याच्याबरोबर आलेली काही बिनरंगी द्रव्ये धाग्यात मागे राहतात आणि वर्णलेखनात दिसतात. ती सापडली, तर पागोटे आधी कुसुंबी होते आणि पुढे केव्हातरी कारखान्याच्या रंगात बुडवले गेले, असे ठरेल. त्याचप्रमाणे रफू केलेल्या जागेचा धागा घेतला, तर आपण कापडाची नव्हे तर रफूची तारीख काढू.

आता उलट बाजू. कापडात फक्त आल सापडला, तर ते १८६८ पूर्वीचे आहे असे म्हणता येईल काय? नाही. अलिझरीन आल्यावरही काही रंगारी कितीतरी वर्षे जुन्या रीतीने काम करीत राहिले. म्हणजे कृत्रिम रंग सापडणे हा 'ह्यापूर्वीचे नाही' असा पक्का पुरावा आहे; तो न सापडणे हा 'ह्यापूर्वीचेच आहे' असा पुरावा नाही. भूमितीत तुम्ही शिकता, की प्रमेय खरे असले म्हणून त्याचा व्यत्यास खरा असतोच असे नाही. तोच नियम येथे लागू पडतो.

करून पाहा

औषधी दुकानातून मंजिष्ठेची आणि हिरड्याची भुकटी आणा. पांढऱ्या, धुतलेल्या सुती कापडाच्या तीन पट्ट्या कापा. कपभर गरम पाण्यात चमचाभर हिरडा कालवून त्यात तिन्ही पट्ट्या अर्धा तास ठेवा व वाळवा. पहिली तशीच राहू द्या. दुसरी तुरटीच्या पाण्यात आणि तिसरी चिमूटभर हिराकस घातलेल्या पाण्यात बुडवून वाळवा. मग तिन्ही पट्ट्या दोन चमचे मंजिष्ठ घातलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास ठेवा. ह्या कामाला स्वयंपाकाचे भांडे घेऊ नका. पट्ट्या धुऊन पाहा: पहिली फिकी, दुसरी तांबूस, तिसरी काळपट. रंगबंधकाचे काम डोळ्यांना दिसले!

आता दुसऱ्या पट्टीवर एका जागी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा आणि दुसऱ्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका व होणारे फरक वहीत टिपून ठेवा. वर्णलेखन करायचे असल्यास टीपकागद आणि काळे स्केचपेन पुरे. संहत अम्लांचे प्रयोग मात्र शिक्षकांनीच प्रयोगशाळेत करून दाखवावेत. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: घरातल्या खऱ्या जुन्या कापडावर कोणताही थेंब टाकू नका.

ट्रंकेत काय आहे?

धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेले कागद तेथे जतन झाले. कागदांवर अक्षरे असतात, म्हणून त्यांचे मोल लवकर कळले. त्यांना बांधणाऱ्या रुमालांकडे, पोथ्यांच्या फडक्यांकडे, आजीच्या ट्रंकेतल्या विटक्या खारव्याकडे अजून फारसे कोणी पाहिलेले नाही. फैजपूरचा प्रसिद्ध तांबडा रंग बारतोंडीचा होता काय? असल्यास तो कोणत्या वर्षांपर्यंत टिकला आणि डब्यातल्या अलिझरिनाने त्याची जागा केव्हा घेतली? ती कृती करणारे हात आता नाहीत. उत्तर असलेच, तर ते अशा फडक्यांच्या धाग्यांतच आहे.

म्हणून घरी असे जुने कापड सापडले, तर ते साबणाने धुऊ नका, उन्हात वाळत घालू नका, फाटले म्हणून टाकून देऊ नका. धुतलेल्या, कांजी नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. ते कोणाचे, कोणत्या गावचे, कोणी वापरलेले, घरातल्या वडीलधाऱ्यांना काय आठवते, हे सारे एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून बरोबर ठेवा. धागा पुढे केव्हातरी प्रयोगशाळेत जाईल, तेव्हा ती चिठ्ठी त्याच्याइतकीच मोलाची ठरेल. कारण रसायनशास्त्र रंगाचे नाव सांगू शकते. ते पागोटे कोणाच्या डोक्यावर होते, हे मात्र घरच्या माणसांनीच सांगायला हवे.